बक्षीस कुणाला, हे ठरवणार कोण?

मोहन्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आजूबाजूच्या गटांनी मिळून एक लेखनस्पर्धा घ्यायची, असं गेल्या बैठकीत ठरलं. विषय 'आमच्या घरातलं पाणी'. विषयाला पाच मिनिटं लागली. पण भाग कोण घेणार आणि बक्षीस कोण ठरवणार, यावर दोन तास गेले आणि चहा दोनदा झाला. कुणी म्हणे, शिकलेल्या बाईंना परीक्षक करा. कुणी म्हणे, हात वर करून मतं घ्या. एक मावशी म्हणाल्या, "ज्या गटात बाया जास्त, त्यांचंच बक्षीस, मग लिहायचं तरी कशाला?"

मावशींचा प्रश्न काही नवा नाही. मराठीत हे भांडण पावणेदोनशे वर्षं चाललं आहे. म्हणून आज त्याचाच इतिहास सांगतो.

पेशव्यांच्या काळी पुण्यात श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ साली पेशवाई गेली. इंग्रज सरकारने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही, हळूहळू आटवली. त्यातला काही पैसा पुण्याच्या पाठशाळेला गेला, ती १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झाली. मग १८४९ साली लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आणि त्यांच्याबरोबरच्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की हा पैसा मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्या. अर्ज करणारे स्वतः ब्राह्मणच होते, तरी सनातनी मंडळी खवळली. पण अर्जाचा उपयोग झाला. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी आली. लेखकाने पुस्तक लिहून पाठवायचं, कमिटीने वाचून बक्षीस ठरवायचं. मराठीतली पहिली मोठी लेखनस्पर्धा म्हणायला हरकत नाही.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी एक नाटक लिहून या कमिटीकडे पाठवलं. नाव 'तृतीय रत्न'. त्यात काय आहे, ते आपण जरा सावकाश ऐकू या, कारण ते आपल्यासारख्याच एका बाईचं आहे. कुणब्याची बायको गरोदर आहे. दारात जोशी येतो आणि ग्रह वाईट आहेत, पोटातल्या बाळाला धोका आहे, असं सांगून तिला घाबरवतो. घाबरलेलं माणूस पैसा पाहत नाही. धर्मकृत्यं होतात, जेवणावळ होते, नवराबायको कर्जात जातात. शेवटी दोघांना कळतं की लिहावाचायला येत नाही म्हणून आपण फसलो, आणि दोघं शिकायला जायचं ठरवतात. तिसरं रत्न म्हणजे तिसरा डोळा, विद्येचा.

कमिटीने हे नाटक घेतलं नाही. का घेतलं नाही, ते फुल्यांनी पुढे १८७३ च्या 'गुलामगिरी'त लिहून ठेवलं. कमिटीत युरोपियन आणि ब्राह्मण असे दोन्ही सभासद होते, आणि ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं त्यांचं म्हणणं. नाटक बाजूला पडलं. ते छापून लोकांसमोर आलं १९७९ साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. ज्या कुणबिणीसाठी लिहिलं, तिच्या पणतीच्या पणतीला ते वाचायला मिळालं.

आम्ही यावर बराच वेळ बोललो. पुस्तक पाठवण्यापासून फुल्यांना कुणी अडवलं नव्हतं. दार उघडं होतं. पण नाटकात ज्यांच्यावर टीका, त्यांचेच भाऊबंद न्याय करायला बसले होते. भाग घ्यायचा हक्क आणि न्याय मिळायचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत, असं आम्हाला वाटतं. आपल्याकडे ग्रामसभेला बायकांना बोलावतात. बोलावतात खरं, पण ठरावाच्या वहीत काय लिहायचं, ते दुसरंच कुणी ठरवतं. तसंच हे.

त्याच १८५५ सालात आणखी एक लिखाण आलं. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. कमिटी नाही, बक्षीस नाही. पण आज मुक्ता साळवेचं नाव शाळेतल्या पोरींनाही माहीत आहे. त्या वर्षी कमिटीने कुणाकुणाला बक्षिसं दिली, ते कोण सांगेल?

पुढे १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनाचं मूळ तेच. १८८५ साली दुसरी सभा ठरली तेव्हा फुल्यांनाही बोलावणं गेलं. त्यांनी यायला नकार दिला. जे लोक सगळ्यांना माणुसकीचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभेशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या उत्तराचा अर्थ होता. म्हणजे तीस वर्षांपूर्वी त्यांचं नाटक नाकारलं गेलं, आणि आता त्यांनी सभेचं आमंत्रण नाकारलं. आमच्यातल्या एकीने लगेच विचारलं, "गेले असते तर आत बसून बदल करता आला नसता का?" यावर आमच्यात दोन पक्ष पडले. ते अजून तसेच आहेत.

आता मतदानाकडे येऊ. साहित्य संमेलन आपल्या दारातही येऊन गेलं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावं संमेलन डोंबिवलीला झालं, आगरी यूथ फोरम यजमान होता. आंबिवलीहून गाडीत बसलं की चौथं स्टेशन. अध्यक्ष होते अक्षयकुमार काळे, आणि ते निवडणुकीने निवडून आले होते. ही निवडणूक कशी होती? वाचणारे लाखो, पण मत द्यायचा अधिकार हजारभर लोकांना. साहित्यसंस्थांनी ठरवलेले ते मतदार. मतपत्रिका टपालाने घरी येई, ती भरून परत पाठवायची. त्यामुळे दर वर्षी एकच तक्रार, की कोऱ्या मतपत्रिका गोळा केल्या जातात, गठ्ठ्याने मतं पडतात. निवडणूक आली म्हणजे प्रचार आला. मोठमोठे लेखक आम्ही उभं राहणार नाही, म्हणून बाजूला राहत.

एक उदाहरण मराठी वाचक अजून विसरलेले नाहीत. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनासाठी कवयित्री इंदिरा संत उभ्या होत्या. बेळगावात राहणाऱ्या, घरसंसारातल्या साध्या वस्तूंतून कविता करणाऱ्या इंदिराबाई. त्या हरल्या, विनोदी लेखक रमेश मंत्री निवडून आले. मंत्रींना लोक वाचत होते, त्यांचा दोष नाही. पण हजार माणसांच्या यादीतून असा निकाल लागतो, तेव्हा ती यादी कुणी केली हे विचारावंच लागतं.

२०१८ साली महामंडळाने घटना बदलली आणि ही निवडणूक बंद केली. संलग्न संस्थांनी नावं सुचवायची आणि महामंडळाने एकमताने अध्यक्ष ठरवायचा, असं झालं. या पद्धतीने पहिल्यांदा निवडल्या गेल्या अरुणा ढेरे, २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी. एक हिशेब आम्ही बोटांवर केला. पहिली महिला अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१, ग्वाल्हेर. मग दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ ला दिल्लीत तारा भवाळकर. अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहा. दुसऱ्या हाताचं एकच बोट लागलं. निवडणूक गेल्यावर बायकांची वाट थोडी मोकळी झाली असेल. पण बंद खोलीतलं एकमत आम्हाला फारसं रुचत नाही. मत चुकलं तर निदान किती कुणाला पडली हे कळतं. एकमतात कोण गप्प बसलं, ते कळत नाही.

मग दुसरा काही मार्ग? फार जुना एक आहे, ग्रीस देशातल्या अथेन्स शहराचा. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे नाटकांच्या स्पर्धा होत. लोकांचे दहा गट होते, प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून एक परीक्षक काढत. दहा परीक्षक आपापलं मत लिहून भांड्यात टाकत, आणि त्यातली पाचच मतं हाताला येतील तशी काढून मोजत. परीक्षक कोण होणार हे आधी कळत नाही, आणि कुणाचं मत मोजलं जाणार हेही कळत नाही. मग लाच द्यायची कुणाला? भिशीची चिठ्ठी काढणाऱ्या बाईला हे समजावून सांगायची गरज नाही.

हे सगळं ऐकल्यावर आमच्या बैठकीत असं ठरलं. लिखाणावर नाव नको, फक्त क्रमांक. नाव आणि क्रमांकाची चिठ्ठी वेगळ्या पाकिटात, आणि ते पाकीट ज्या बाईने स्वतः काही लिहिलेलं नाही तिच्याकडे. प्रत्येक गटातून, मग त्यात दहा बाया असोत की वीस, चिठ्ठी टाकून एकच परीक्षक. तिने आपल्या गटाच्या लिखाणाला मत द्यायचं नाही. हा नियम मावशींनीच सुचवला. सगळी लिखाणं मोठ्याने वाचून दाखवायची, म्हणजे जिला वाचता येत नाही तीही परीक्षक होऊ शकते. शुद्धलेखनाला गुण नाहीत. यावर दोघी-तिघी नाराज झाल्या, आणि त्यांचं म्हणणं वहीत लिहून ठेवलं आहे. निकालाबरोबर प्रत्येक परीक्षकाने दोन वाक्यांत कारण सांगायचं, कारण फुल्यांना कमिटीने काय कळवलं असेल, याचा विचार आमच्या मनातून जात नव्हता.

जिला लिहिता येत नाही तिने सांगायचं आणि दुसरीने उतरवून घ्यायचं, हेही मान्य झालं. नाव सांगणारीचं लागेल. पण इथे एक गाठ राहिली. सासूचं लिखाण सुनेने उतरवलं आणि सुनेने स्वतःचंही दिलं, तर चालेल का? निम्म्या बाया म्हणतात चालेल, निम्म्या म्हणतात सून सासूच्या तोंडी आपली वाक्यं घालेल. एकीने तर उलटंच सांगितलं, "माझी सासू माझ्या वाक्यात तिची घालेल!" हा मुद्दा पुढच्या बैठकीवर ठेवला आहे. तुमच्या गटांचं काय म्हणणं आहे, ते त्याआधी आम्हाला कळवा.