पडद्याचा समास

जुने मराठी चित्रपट हल्लीच्या रुंद टीव्हीवर लावले की कधीकधी सगळी माणसं बुटकी आणि गरगरीत दिसतात. चित्र मुळात ४:३ प्रमाणातलं, पडदा १६:९ चा. तो भरावा म्हणून चित्र आडवं ताणलेलं असतं. जुन्या व्हिडिओ गेमचंही हेच दुखणं. त्यावरचा एक देखणा उपाय म्हणजे चित्राभोवतीची चौकट. तिची पूर्वपीठिका मोठी गमतीची आहे.

१९७२ साली अमेरिकेत 'मॅग्नावॉक्स ऑडिसी' हा घरी टीव्हीला जोडून खेळायचा पहिला व्हिडिओ गेम आला. राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून घडलेलं हे यंत्र पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ एवढंच काढू शके. मग मैदान कुठून आणायचं? तर रंगीत, पारदर्शक प्लास्टिकचा कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा! हालचाल यंत्राची, चित्र कागदाचं. म्हणजे पडद्यावर बाहेरून सजावट करण्याची हौस या खेळांइतकीच जुनी.

पुढे १९९४ मध्ये निन्टेंडोने 'सुपर गेम बॉय' काढला. हातात धरून खेळायच्या गेम बॉयचे खेळ त्यामुळे टीव्हीवर दिसू लागले. पण गेम बॉयचं चित्र १६० बाय १४४ ठिपक्यांचं आणि टीव्हीवरची जागा २५६ बाय २२४ ठिपक्यांची. चारी बाजूंना उरलेल्या जागेत चौकट आली. काही खेळ तर आपापली खास चौकट घेऊनच येत. शिवाय खेळणाऱ्याला त्या चौकटीवर रेघोट्या ओढायचीही सोय होती. मुलांची नस बरोबर ओळखली म्हणायची!

२०१७ साली त्याच कंपनीने आपल्या नव्वदच्या दशकातल्या यंत्राची तळहाताएवढी आवृत्ती काढली, 'सुपर एनईएस क्लासिक'. तिचं चित्र रुंद टीव्हीवर १२८० बाय ७२० ठिपक्यांचं जातं. गणित सोपं आहे. ७२० उंचीला ४:३ प्रमाणात रुंदी येते ९६०. उरले ३२०, म्हणजे दोन्ही बाजूंना १६० ठिपक्यांचे पट्टे. कंपनीने त्यांच्यासाठी काही तयार चौकटी दिल्या होत्या. पण हौशी मंडळी तेवढ्यावर थोडीच थांबणार? यंत्राच्या आत लिनक्स आहे हे कळल्यावर 'हकची' नावाच्या प्रोग्रॅमच्या मदतीने, यूएसबीची तार जोडून, लोक स्वतः काढलेल्या चौकटी त्यात घालू लागले. खेळाचा ठिपकान् ठिपका चौरस दाखवायचा पर्याय निवडला की चित्र आणखी अरुंद होतं. मग त्या मापाची चौकट वेगळी आखावी लागते. एवढी मेहनत कशासाठी? तर खेळ आहे त्याच प्रमाणात, न ताणता दिसावा म्हणून.

मला यात आपल्या पोथ्यांचा समास दिसतो. पोथी नकलून काढणारा राहून गेलेलं अक्षर समासात लिही. पुढचा वाचक तिथेच टीप जोडी. मूळ ओळी जागच्या जागी राहत. जुन्या गोष्टीवर प्रेम करणाऱ्याला तिच्यात आपलंही काही घालावंसं वाटतं, हे साहजिकच आहे. प्रश्न एवढाच, की ते कुठे घालायचं. मूळ चित्र ओढूनताणून आपल्या पडद्याएवढं करायचं, की त्याला त्याच्या मापात राहू देऊन आपली हौस कडेला भागवायची?

या पोरांनी दुसरी वाट धरली. मला तरी त्यांचं कौतुक वाटतं.