बारक्या पैलवानाची गर्दी

आमच्या चिचगडला मंडईचा दिवस म्हणजे दुपारी कुस्त्या आणि रात्री दंडार. मी सात-आठ वर्षांचा असेन. अब्बांच्या खांद्यावर बसून पाहिलेली एक कुस्ती अजून डोळ्यांसमोर आहे. एका बाजूला रानरेड्यासारखा पैलवान आणि समोर शिलाई मशीनवर बसणारा वाटावा असा काटकुळा पोरगा. जोड लागली तशी गर्दी हसली. दहा मिनिटे तो पोरगा नुसता निसटत होता. हातात यायचा आणि साबणासारखा सुटायचा. हसणारे गप्प झाले, मागचे लोक बैलगाडीच्या साटीवर चढले. मग कधी मान बगलेत धरली, कधी कंबर वळवली कळलेच नाही. रानरेडा आभाळाकडे तोंड करून पडलेला होता. अब्बांनी एक रुपया इनाम दिला. घरी आल्यावर अम्मीने त्या रुपयाचा हिशेब मागितला तो भाग वेगळा. पण पुढचे दोन दिवस अब्बा आमच्या काकांना अंगणात धरून तो डाव करून दाखवत होते.

धिप्पाड पैलवानाची ताकद आपल्याला घरी नेता येत नाही. डाव मात्र नेता येतो. डावपेचवाल्या लढवय्यामागे माणसे का जातात, हे मला त्या अंगणातल्या झटापटीवरून थोडेफार कळले.

महाराष्ट्रात याचे सगळ्यात मोठे उदाहरण म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते 52 किलोच्या गटात उतरले, तेव्हा मातीत वाढलेल्या या पैलवानाला मॅटची सवय नव्हती. नियमही परके. तरी सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत 57 किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक घेतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला 1996 साल उजाडले. कॅनडा आणि मेक्सिकोचे मल्ल त्यांनी चितपट केले. जपानचा इशीई आणि सोव्हिएत रशियाचा मामेदबेकोव्ह हे दोघेच त्यांच्या पुढे राहिले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. मान बगलेत आवळायची आणि त्याच ओघात समोरच्याला उलथवायचे. इथे वजनापेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे. परत आल्यावर कराड स्टेशनपासून त्यांची मिरवणूक निघाली, शंभराहून जास्त बैलगाड्या होत्या. थोडक्या मिनिटांच्या वाटेला कित्येक तास लागले. सरकारदरबारी मात्र अर्जुन पुरस्कार पोहोचला तो त्यांच्या मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. बैलगाडीवाल्यांना जे लगेच कळले, ते फायलींना कळायला इतका काळ लागला.

पण गर्दीला डाव कळायचा तर आधी दिसला पाहिजे. ही गोष्ट राजर्षी शाहू महाराजांनी ओळखली होती. 1902 साली युरोपच्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि 1912 साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. मधे खोलगट हौदा, भोवती चढत जाणारी बैठक. शेवटच्या माणसालाही पायातली अडी दिसावी. अशा मैदानात बसून बसून कोल्हापूरचा प्रेक्षक स्वतःच अर्धा वस्ताद झाला. (वस्ताद म्हणजे आमचा उस्ताद. पैलवान आणि कुस्ती हे शब्दही फारसीतून आले आणि लाल मातीत इतके मुरले की आता त्यांना गाव विचारायची सोय नाही.)

तंत्र म्हटले की गर्दी जमतेच असे मात्र नाही. 1910 च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामा पैलवानासमोर पोलंडचा झ्बिस्को उभा राहिला आणि लगेच जमिनीला पोट लावून पडला. अडीच तासांहून जास्त वेळ उठायचे नावच नाही. तेही एक तंत्रच, पण त्यात समोरच्याला फसवणे नव्हते, नुसते चिकटून राहणे होते. लोक वैतागले. पुढच्या लढतीला झ्बिस्को आलाच नाही. 1928 साली पतियाळात गामाने त्याला मिनिटभरही टिकू दिले नाही.

मुष्टियुद्धात तर ही तफावत फार जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये डॅनियल मेंडोझा नावाचा मुष्टियोद्धा होऊन गेला. ज्यू, उंचीने बेताचा. समोरासमोर उभे राहून एकमेकांना झोडपण्याच्या त्या काळात त्याने बाजूला सरकणे, वार अडवणे, वार चुकवणे यांचे शास्त्र केले. 1788 ते 1790 मध्ये रिचर्ड हम्फ्रीजशी त्याच्या तीन लढती झाल्या. पहिली हरला, पुढच्या दोन जिंकला. त्याने शाळा काढली, 1789 साली पुस्तक लिहिले, नाटकगृहांत प्रात्यक्षिके केली. म्हणजे आपला प्रेक्षक त्याने स्वतः घडवला. ज्यूंना हिणवणाऱ्या त्या समाजातले लोकही पैसे मोजून त्याला पाहायला येत. मला हे जवळचे वाटते. मराठी कविसंमेलनात माझे नाव पुकारले की पुढच्या चार खुर्च्यांत कुजबूज होते. पहिल्या दोन ओळी नीट पडल्या तर ती थांबते. नाही पडल्या तर वाढते, आणि मग आवाज चढवूनही उपयोग होत नाही.

अर्जेंटिनाच्या निकोलिनो लोच्चेला लोक 'हात न लागणारा' म्हणत. ठोशात फार जोर नाही, सिगारेटचा नाद, अंगही सुटलेले. पण हात खाली सोडून नुसत्या मानेने तो गुद्दे चुकवायचा आणि ब्यूनोस आयर्सचे लुना पार्क भरून जायचे. 1968 च्या डिसेंबरात टोकियोत पॉल फुजी त्याच्यावर ठोसे मारून मारून इतका थकला की दहाव्या फेरीला स्टुलावरून उठलाच नाही.

1980 च्या जानेवारीत मोहम्मद अली भारतात आला. दिल्लीत कौर सिंगशी त्याची प्रदर्शनीय लढत झाली. आमच्या गावात त्याचा ठोसा कुणी पाहिलेला नव्हता. तरी चहाच्या टपरीवर पोरे बोलत ती त्याच्या पायांबद्दल, आणि शाळेच्या पटांगणात त्याच्यासारखी नाचत.

खाशाबांची एक गोष्ट राहिली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी नोकरीची वाट पाहिली नाही. कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः आखाड्यात उतरले, जिंकले. लोक त्यांचे डाव बघायला आले. त्या पैशातून प्राचार्यांचे घर सुटले.