धडक दुसऱ्याची, भरपाई हक्काची



आज आपण दारू पिऊन चालवलेल्या गाडीने जखमी झालेल्या माणसाच्या हक्कांबद्दल बोलणार आहोत. असा अपघात झाला की दोन-चार दिवसांत गाडीवाल्याकडचं कुणीतरी दवाखान्यात येतं. सोबत गावातलं एखादं वजनदार माणूस असतं. "झालं ते झालं, कोर्टकचेरी कशाला? हे घ्या पैसे आणि सही करून मिटवून टाका," असं सांगितलं जातं. घरात नड असते, सही होते. मोडलेला पाय मात्र पुढे कितीतरी वर्षं खर्च मागत राहतो. म्हणून भरपाईचा हक्क आपल्यापर्यंत कसा आला, हे प्रत्येकीला माहीत हवं.

गोष्ट सुरू होते १८५५ साली. दुसऱ्याच्या चुकीने माणूस दगावला तर त्याची बायको, नवरा, मुलं, आईवडील भरपाई मागू शकतात, असा कायदा तेव्हा इंग्रज सरकारने केला. जखमी माणसालाही दिवाणी दावा लावता यायचा. पण दिवाणी दावा म्हणजे कोर्टाची मोठी फी आणि वर्षानुवर्षं तारखा. शिवाय दावा जिंकूनही गाडीवाल्याकडे पैसे नसतील तर निकाल नुसता कागदावर राहायचा.

यावर पहिला उपाय निघाला तो विम्याचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली आणि १ जुलै १९४६ पासून ती लागू झाली. रस्त्यावरच्या तिऱ्हाईत माणसाला इजा झाली तर भरपाई मिळावी, यासाठी प्रत्येक गाडीचा विमा सक्तीचा झाला. यालाच आपण थर्ड पार्टी विमा म्हणतो. म्हणजे हा विमा गाडीवाल्याने काढलेला असला तरी तो आहे आपल्यासाठी.

दुसरं पाऊल १९५६ चं. अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण नेमण्याची सोय कायद्यात आली. १९८२ साली तिसरं पाऊल पडलं. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर चूक कुणाची हे सिद्ध न करताही ठरावीक रक्कम द्यायची, असं ठरलं. तेव्हा मृत्यूसाठी १५,००० आणि अपंगत्वासाठी ७,५०० रुपये होते. पुढे १९८८ चा नवा कायदा आला. १९९४ च्या दुरुस्तीने तर मोठीच सोय केली. अपघात कुठेही होवो, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येऊ लागला. पुण्याच्या रस्त्यावर धडक बसली तरी सोलापूरची बाई सोलापुरात दावा लावू शकते.

आणि आपल्या कष्टाचं काय? "ती तर घरीच असते, तिचं कसलं उत्पन्न?" हा प्रश्न कोर्टातही विचारला जायचा. २००१ साली जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने गृहिणींच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. २०२१ साली एका रस्ता अपघाताच्या निकालात त्याच कोर्टाने पुन्हा सांगितलं, की घरकामाला मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते मोजलंच पाहिजे. तेव्हा बाई जखमी झाली तर स्वयंपाक, धुणीभांडी, जनावरं, शेतातलं काम, सगळं दाव्यात लिहायचं.

आता दारूचा मुद्दा. इथे वाटा दोन आहेत, त्यांची गल्लत करू नका. पहिली वाट शिक्षेची. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. माणूस जखमी झाला किंवा मेला तर त्याची कलमं वेगळी लागतात. २००६ साली मुंबईत कार्टर रोडवर नशेतल्या चालकाने फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी घातली. सात जण गेले, आठ जखमी झाले. खालच्या कोर्टाने दिलेली सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली.

दुसरी वाट भरपाईची. चालक तुरुंगात गेला म्हणून आपला दवाखान्याचा खर्च भरून निघत नाही, आणि तो फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून आपला दावा आपोआप बुडत नाही. औषधोपचार, बुडालेली मजुरी, पुढचं अपंगत्व, सेवेला ठेवलेलं माणूस, सोसलेल्या वेदना, या सगळ्यांसाठी चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्यावर दावा लावता येतो. चूक सिद्ध न करता मागायचं असेल तर आज मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये आहेत. पण दोन्हीपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

"चालक प्यायलेला होता, म्हणून आम्ही पैसे देणार नाही," असं विमा कंपनी म्हणू शकते. २०१९ च्या दुरुस्तीने तिला तसा मुद्दा मांडायला जागाही दिली आहे. तरी २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं, की कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग ते चालक-मालकाकडून वसूल करावेत. त्यामुळे कंपनीचा नकार ऐकून घरी बसू नका, वकिलाला हा मुद्दा मांडायला सांगा.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करा.

एक धोक्याची सूचना. १९९४ साली दाव्याची मुदत काढून टाकली होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण आपण सहा महिने धरूनच चालावं.

म्हणून अपघात झाला की चालकाची रक्ततपासणी लगेच करा असं पोलिसांना सांगा, कारण तास गेले की रक्तातली दारू उतरते. गाडीचा नंबर, एफआयआरची प्रत, पंचनामा, दवाखान्याची प्रत्येक पावती एका पिशवीत जपून ठेवा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

येत्या मासिक बैठकीत हा विषय वाचून दाखवा. आपल्या गटातल्या कुणाच्या घरी गेल्या सहा महिन्यांत अपघात झाला असेल, तर तारीख मोजा आणि त्याच आठवड्यात तिच्यासोबत एक जण जिल्ह्याला जा.