बलुत्यापासून डीजेच्या सुपारीपर्यंत

जुन्या गावगाड्यात लग्नाची वाजंत्री ठरवावी लागत नसे; ती ठरलेलीच असे. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या गावांत होलारांची सनई, मांगांची हलगी आणि मोबदल्यात सुगीला मिळणारं धान्य. यायचं की नाही, हे वाजवणाऱ्याच्या हाती नव्हतं. वरात निघण्याआधी तो पाचटाचा जाळ करून हलगीचं कातडं शेकायचा, टिचकी मारून ताण बघायचा आणि एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी घेऊन उभा राहायचा. ज्याच्या वाद्यांशिवाय अक्षता पडत नसत, त्याची पंगत मात्र मांडवाबाहेर. डीजेच्या सुपारीचा इतिहास सांगताना ही पंगत विसरून चालत नाही. आंबेडकरी चळवळीने गावकीची कामं नाकारण्याचं बळ दिलं, तेव्हा कित्येक गावांत हलगीही खुंटीवर गेली.

शहरांत तोवर पैसे मोजून वाद्यं बोलावण्याची रीत बसली होती. इंग्रजी पलटणींचे आणि पोलिसांचे बँड लोकांनी रस्त्यावर पाहिले होते. तसाच गणवेश, तशीच पितळी वाद्यं लग्नात हवीशी वाटू लागली. पुण्यात 1938 साली प्रभात ब्रास बँड सुरू झाला आणि शहराच्या मिरवणुकांचा भागच होऊन गेला. मुंबईला वादक पुरवले ते गोव्याने. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरं लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकत, मग मुंबईत येऊन हॉटेलांत, बँडमध्ये आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदात पोट भरत. बँड ठरवायचा म्हणजे माणसं किती, तास किती, डोक्यावर गॅसबत्त्या घेणारे किती, अशी बोलणी व्हायची. इसार दिला की तारीख वहीत चढायची.

पण आजच्या डीजेचा खरा पूर्वज बँडमास्तर नव्हे, लाउडस्पीकरवाला. दिल्लीच्या आहुजा कंपनीने 1940 पासून ध्वनियंत्रणा बनवायला सुरुवात केली आणि पुढे देशभरच्या मांडवांत तिचं नाव ओळखीचं झालं. गावच्या लग्नात हा माणूस कर्णा झाडावर किंवा धाब्यावर बांधायचा, लाकडी पेटीतून तबकड्या काढायचा, सुई बदलायचा. पहाटे भक्तिगीतं, दुपारी सिनेमाची गाणी, पाठवणीला डोळ्यांत पाणी आणणारी एखादी तबकडी. कोणत्या घटकेला काय लावायचं ही जाण त्याच्याकडे होती, आणि तीच या धंद्याची मूळ विद्या आहे. तिकडे न्यूयॉर्कच्या क्लबांत 1969च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो एका तबकडीचा ताल दुसरीशी जुळवून नाच अखंड चालू ठेवू लागला. 1972 साली टेक्निक्सचं एसएल-1200 हे टर्नटेबल आलं. आपल्याकडे 1980च्या ‘कुर्बानी’नंतर डिस्कोचं वारं लग्नाच्या हॉलपर्यंत पोचलं. पुढे कॅसेट, सीडी, लॅपटॉप.

यंत्रं बदलली तरी ठरवाठरवीची पद्धत बरीचशी जुनीच राहिली. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत यात्रा कमिट्या तमाशाची सुपारी द्यायला बसतात. तिथे तारीख, रक्कम आणि इसार यांची जशी घासाघीस होते, तशीच डीजेकडे होते. फक्त प्रश्न निराळे. बेस किती, टॉप किती, जनरेटरचं डिझेल कुणाचं, गाडी कुठवर येईल? कोल्हापूर, सांगलीकडे ज्यांना ‘डॉल्बी’ म्हणतात, त्या स्पीकरच्या भिंतींनी मात्र ऐकणं मागे टाकलं आणि ठरवणाऱ्याची ऐपत पुढे आणली. छाती हादरवणाऱ्या त्या आवाजात शेजारच्या घरातलं तान्हं मूल आणि अंथरुणावरचं म्हातारं माणूस यांचा विचार कुणी करत नाही, हे फार वाईट आहे.

कायदा या बोलण्यात शिरला तो 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबलची मर्यादा, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सप्टेंबर 2018 मध्ये गणेश विसर्जनासाठी डीजेला मुभा मिळावी म्हणून व्यावसायिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दिलासा नाकारला. गाण्यांच्या हक्काचं प्रकरण वेगळंच. 1957च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे, वाढदिवसाच्या पार्टीचा तिथे उल्लेख नाही. तरीही लग्नांसाठी परवान्याचे पैसे मागितले जात राहिले आणि जुलै 2023 मध्ये केंद्राला ही सूट पुन्हा स्पष्ट करून सांगावी लागली.

ठाणे, रायगडच्या आगरी-कोळी वस्त्यांत हळदीची रात्र हा डीजेवाल्यांचा मोठा हंगाम. बेंजोवर वाजणारी गाणी तिथे आता रिमिक्स होऊन येतात आणि अंगणभर बाया-पोरं मनसोक्त नाचतात. तो आनंद अस्सल आहे. पण त्याच समाजात लग्नाचे विधी धवले गाऊन लावणारी धवलारीण असते. तिची गाणी बहुतेक तोंडपाठ चालत आली आहेत. हळदीच्या डीजेला इसार देणाऱ्या प्रत्येक घराने तिलाही सन्मानाने बोलवावं, तिच्या गाण्याचा योग्य मोबदला द्यावा, आणि ती गात असेल तेवढा वेळ मिक्सरचा आवाज पूर्ण खाली ठेवायला ऑपरेटरला आधीच सांगून ठेवावं.