शेंगदाण्याच्या कुटाचा सागरी प्रवास



गेल्या पावसाळ्यांत जळगांवास आमच्या घरीं एक नवाच रस्सा शिजला. सूनबाईंचा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीस आहे. फिलिपाईन्सचे खलाशी तेथें त्याचे सोबती. त्यांच्याकडून शिकलेली ‘कारे-कारे’ या पदार्थाची कृति त्यानें बहिणीस लिहून धाडली. मूळ पदार्थांत गोमांस असतें. तें अर्थातच वगळलें. मग उरलें काय? वांगीं, चवळीच्या शेंगा, केळफूल, भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, आणि रस दाट होण्यासाठीं भाजलेल्या तांदळाचें पीठ. तिकडे शेंदरीच्या बियांनीं त्यास रंग आणतात व जोडीस आंबविलेल्या कोळंबीची खारट चटणी घेतात. सूनबाईंनीं हळद आणि मीठ यांवर भागविलें.

पान पुढें आलें तेव्हां मी म्हणालों, “सूनबाई, हें कांहीं आपलें नव्हे.” त्या हंसून म्हणाल्या, “नाना, यांतलें परकें काय, तें तुम्हीच सांगा.”

तीस वर्षें इतिहास शिकविलेल्या मास्तरास उत्तर सुचूं नये, ही लाजेची गोष्ट. म्हणून एकेक जिन्नस तपासावयास घेतला.

वांगें आपल्याच भूमीचें. बामणोद-आसोद्याच्या वांग्यांची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. जळगांवच्या भरिताच्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. केळीचें माहेर मात्र आग्नेय आशिया व न्यू गिनी यांच्या दमट प्रदेशांत. फिलिपाईन्स त्याच टापूंतलें. आणि ज्यावांचून धुळें-जळगांवाकडील भरीत वा चटणी पुरी होत नाहीं, तो शेंगदाणा? तो तर थेट दक्षिण अमेरिकेचा!

१५६५ पासून १८१५ पर्यंत स्पेनचीं गलबतें मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरांतून फिलिपाईन्सला जात. येतांना रुपें आणीत, परततांना चिनी रेशीम नेत. आणि त्यांच्याबरोबर नव्या जगांतलीं पिकें आशियाच्या किनाऱ्यास उतरत. शेंगदाण्यास तमिळ भाषेंत ‘मणिलाकोट्टै’, म्हणजे मनिलाचें बीं, असें एक नांव आहे. आपल्या विलायती चिंचेस इंग्रजींत ‘मनिला चिंच’ म्हणतात. तीहि मूळची मेक्सिकोकडची. मराठींत मात्र शेंगदाण्याच्या रोपास आपण ‘भुईमूग’ म्हटलें, म्हणजे ओळखीच्या मुगाचेंच नांव दिलें. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत आणलेल्या मिरचीचें नांवहि आपण मिऱ्यांवरूनच पाडलें. पाहुण्यास घरचें नांव मिळालें, कीं तो पाहुणा राहत नाहीं.

आतां ‘कारे-कारे’ या नांवाविषयीं. १७६२ सालीं इंग्रजांनीं मद्रासेहून आरमार धाडून मनिला घेतलें व १७६४ सालीं तें परत केलें. त्या फौजेंत हिंदी शिपाई होते. त्यांपैकीं कांहीं मनिलाजवळच्या काइन्ता गांवीं कायमचे राहिले. ‘कारे-कारे’ हें आपल्या दक्षिणेकडील ‘करी’चेंच रूप, व तो रस्सा या शिपायांची देणगी, असें एक मत आहे. उलट पांपांगा प्रांताचे लोक तो आपलाच म्हणतात. नामसादृश्य हा पुरावा नव्हे, असें मी वर्गांत नेहमीं बजावीत असें. येथेंहि निकाल देत नाहीं. परंतु मुलखापासून तुटलेला शिपाई परक्या बाजारांत मिळेल त्या वस्तूंनीं घरची चव शोधीत असेल, हें समजावयास कागदपत्र लागत नाहींत. सूनबाईंचा भाऊहि जहाजावर जातांना खान्देशी काळ्या मसाल्याची पुडी नेतोच.

मग आपलें म्हणजे काय? जें आपल्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या शिजलें, तें आपलें. तें कोणत्या गलबतांतून आलें, हा मागचा प्रश्न. हें आपलेपण राजांनीं वा व्यापाऱ्यांनीं दिलेलें नाहीं. अनोळखी दाणा भाजून, कुटून, चाखून पाहणाऱ्या बायकांनीं तें दिलें, आणि त्यांचीं नांवें कोणत्याहि बखरींत नाहींत.

त्या दिवशीं दोन घांस खाऊन मीं पान सारलें होतें, याची मला आज खंत वाटते. पुढल्या रविवारीं मींच सूनबाईंस तो रस्सा पुन्हा करावयास सांगितला. सोबत कळण्याची भाकरी. कूट मात्र मीं स्वतः खलबत्त्यांत कुटला.