विषाद आणि विस्मरण : एका प्रश्नाचा इतिहास

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. पण तिच्यात एक निवाडाही दडलेला आहे. घरातले वृद्ध माणूस अबोल झाले, विसरू लागले, त्याची अन्नावरची वासना उडाली, की ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण विषय संपवतो. वैद्यकशास्त्रानेही फार काळ हेच केले. वृद्धाच्या मनाचा विषाद कोणता आणि बुद्धीचा क्षय कोणता, हा भेद स्पष्टपणे मांडला जाण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्यांनी १९०६ साली ट्युबिंगेन येथील सभेत, पन्नाशीतच स्मृती गमावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत आढळलेली विकृती मांडली. परंतु हा आजार अनेक दशके अकाली जडणारी दुर्मिळ व्याधी म्हणूनच गणला गेला. ऐंशीच्या घरातील विस्मरण मात्र वार्धक्याचा स्वाभाविक परिणाम मानले जाई; त्यासोबत दिसणारे औदासीन्यही त्याच खात्यात जमा होई.

ही समजूत हलवली ती मार्टिन रॉथ यांनी. दक्षिण इंग्लंडमधील चिचेस्टर येथे ग्रेलिंगवेल नावाचे मनोरुग्णालय होते. तेथे दाखल झालेल्या साठीपुढील रुग्णांच्या नोंदी रॉथ यांनी तपासल्या, लक्षणांनुसार त्यांचे पाच गट पाडले आणि प्रत्येक गटाविषयी एकच साधा प्रश्न विचारला : सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी या माणसांचे काय झाले? घरी गेली, रुग्णालयातच राहिली, की मरण पावली? १९५५ साली प्रसिद्ध झालेले उत्तर स्पष्ट होते. विषादाने ग्रासलेले बहुसंख्य वृद्ध बरे होऊन घरी परतले होते; ज्यांची बुद्धीच झिजत चालली होती, त्यांच्यापैकी बहुतेक दोन वर्षांत निवर्तले होते. एकाच वॉर्डात, एकाच नावाखाली ठेवलेली ही दोन निरनिराळी दुखणी होती. माझी सारी नोकरी कोषालयाच्या नोंदवह्यांत गेली. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाने नव्हे, तर दप्तराने लावलेल्या या शोधाचे मला विशेष अप्रूप वाटते.

पुढे १९६१ साली लेस्ली किलोह यांनी ‘आभासी स्मृतिभ्रंश’ ही संज्ञा प्रचारात आणली. वरवर पाहता बुद्धी गेलेली, पण मुळात विषादग्रस्त असलेली माणसे त्यांनी वर्णिली. १९७९ साली अमेरिकेतील चार्ल्स वेल्स यांनी ओळखण्याच्या खुणा नोंदवल्या. विषादग्रस्त माणूस आपल्या विसरण्याची स्वतःच तक्रार करतो आणि प्रश्न विचारल्यास ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो. स्मृतिभ्रंश झालेला मात्र आपली उणीव झाकू पाहतो, चुकीचे का होईना, उत्तर देतो.

या ‘माहीत नाही’पाशी मी नेहमी थबकतो. माझी आई शहाऐंशीव्या वर्षी असेच बोलू लागली होती. आज वार कोणता? माहीत नाही. भाजी कोणती करू? माहीत नाही. दूधवाल्याचा हिशोब तोंडपाठ ठेवणारी ती, पण आम्ही मुलांनी वयाला बोल लावला आणि दीड वर्ष काढले. अखेर एका डॉक्टरांनी तिला विचारले, ‘‘आजी, मन कशात रमतं का?’’ आई हुंदके देऊन रडली. औषधांनी तिची झोप आणि भूक परतली, ती पुन्हा बोलू लागली; स्मरणशक्ती मात्र पूर्ववत झाली नाही.

तसे का व्हावे, याचा उलगडा मला पुढील इतिहासात झाला. रॉथ यांनी आखलेली सीमारेषा वाटली तितकी ठाम नव्हती. १९९३ साली जॉर्ज अलेक्सोपूलोस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, विषादात हरवलेली बुद्धी उपचाराने परतली, तरी अशा वृद्धांना पुढे खरा स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण अधिक असते. मग आधी काय येते, विषाद की विस्मरण?

अतिवृद्धांपुरते याचे एक महत्त्वाचे उत्तर हॉलंडमधील लायडेन शहरातून आले. १९९७ ते १९९९ या काळात पंच्याऐंशी वर्षे पूर्ण करणाऱ्या तेथील रहिवाशांना, प्रकृती कशीही असली तरी, एका अभ्यासात सामील करून घेतले गेले. त्यांतील पाचशे जणांची दरवर्षी, एकोणनव्वदीपर्यंत तपासणी झाली. २००४ साली निष्कर्ष आला : ज्यांची आकलनशक्ती आरंभीच उणावलेली होती, त्यांच्यात विषाद अधिक वेगाने वाढला; पण आरंभी विषाद असलेल्यांची बुद्धी इतरांपेक्षा अधिक वेगाने ढासळली नाही. म्हणजे या वयात पुष्कळदा विस्मरण पुढे चालते आणि विषाद त्याच्या मागून येतो. आपले काहीतरी हातून निसटत आहे, हे त्या माणसाला कळत असते. तुलनेने कमी वयाच्या ज्येष्ठांबाबत मात्र चित्र वेगळे असू शकते. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ पासून आपल्या प्रत्येक अहवालात विषादाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींमध्ये केली आहे.

आईची स्मृती आम्हांला वाचवता आली असती, असे मी म्हणत नाही. पण ते दीड वर्ष तिने एकटीने सोसले, ते तरी टळले असते. विषाद आधीचा असो वा नंतरचा, तो वयाचा भाग नव्हे. त्यावर उपचार होऊ शकतो. आपल्या घरात कोणी ऐंशी ओलांडलेले असेल आणि अलीकडे ‘माहीत नाही’ असे वारंवार म्हणू लागले असेल, तर त्यांना वार आणि तारीख विचारण्याआधी, मन कशात रमते का, एवढे अवश्य विचारावे. आम्ही ते विचारले नव्हते.