पायऱ्यांवरचे सूर

कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावा आणि मफलर घट्ट गुंडाळा. वॉशिंग्टन शहरात तुम्ही ४ मार्च १८७३ या दिवशी येऊन पोचला आहात. युलिसिस ग्रँट दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताहेत आणि वारा हाडांत शिरतोय. बँडमधल्या त्या वादकाकडे बघा. तो जीव तोडून फुंकतोय, पण श्वासातली वाफ वाद्याच्या झडपांवर थिजते आणि झडपा हलेनाशा होतात. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, आणि सूर मात्र नाही. रात्रीच्या नाचासाठी तात्पुरता मंडप उभारलाय. तिथे पाहुणे ओव्हरकोट न काढताच नाचतात. मैफलीत किलबिल असावी म्हणून पिंजऱ्यांतून कॅनरी पक्षी आणून ठेवले होते. ते गारठून मरतात.

सत्ता आली की वाद्यं वाजतात. आपल्याकडे गडाच्या दरवाजावर नगारखाना असायचा, इथे मरीन बँड आहे. १७९८ मध्ये काँग्रेसने कायदा करून तो उभा केला. १८०५ मध्ये थॉमस जेफरसन दुसऱ्यांदा शपथ घेऊन घोड्यावरून घरी निघाले, तेव्हा हाच बँड वाजवत निघाला आणि नौदलाच्या गोदीतले कारागीरही सोबत चालू लागले. मिरवणुकीची प्रथा पडली ती अशी, कुणीही न ठरवता. राष्ट्राध्यक्ष येताच वाजणारी 'हेल टू द चीफ' ही धून तर वॉल्टर स्कॉटच्या काव्यावरून रचलेल्या नाटकातली, एका स्कॉटिश सरदाराच्या स्वागताची.

पण तुम्हाला इथवर आणलं ते एका इमारतीसाठी. कॉन्स्टिट्यूशन हॉल असं तिचं नाव, आणि मालकी 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या स्त्रियांच्या संस्थेची. १९३९ सालच्या सुरुवातीला तुम्ही तिच्या दारात उभे आहात. मरियन अँडरसन यांना इथे गायचं आहे. युरोपने त्यांना डोक्यावर घेतलंय. पण त्या कृष्णवर्णीय आहेत, आणि संस्था नकार देते. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट त्या संस्थेच्या सभासदत्वाचा राजीनामा देतात, तरी दार उघडत नाही.

मग ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लिंकन स्मारकाकडे चला. पंचाहत्तर हजार माणसं जमली आहेत, गोरी आणि काळी, खांद्याला खांदा लावून. तुमच्या पायाखालची जमीन गार आहे. अँडरसन फरचा कोट घालून पायऱ्यांवर येतात, डोळे मिटतात आणि पहिलंच गाणं देशाचं गातात: 'अमेरिका', शाळकरी मुलांनाही पाठ असलेलं. पाठीमागे संगमरवरी लिंकन बसलेला आहे. हा काही शपथविधी नव्हे. पण पुढच्या सत्तर वर्षांतल्या शपथविधींचं संगीत समजून घ्यायचं, तर सुरुवात याच पायऱ्यांवरून करावी लागते, असं मला मनापासून वाटतं.

चौदा वर्षं ओलांडा. जानेवारी १९५३, आणि हॉल तोच. आयझेनहॉवर यांच्या शपथविधीनिमित्त वाद्यवृंदाची मैफल आहे. तुम्ही खुर्चीत बसता, कार्यक्रम सुरू होतो, पण एक रचना त्यात नाही: एरन कोपलंड यांचं 'लिंकन पोर्ट्रेट'. ऐन महायुद्धात, १९४२ मध्ये लिहिलेली ही रचना. वाद्यवृंदाच्या सुरांवर निवेदक लिंकनचे शब्द वाचतो. इलिनॉयचे काँग्रेस सदस्य फ्रेड बझ्बी यांनी कोपलंडच्या डाव्या ओळखीपाळखींवर बोट ठेवलं आणि रचना गाळली गेली. आयझेनहॉवर लिंकनच्याच पक्षाचे, बझ्बीही त्याच पक्षाचे, आणि लिंकनचे शब्द ऐकायला बंदी! त्याच वर्षी मे महिन्यात कोपलंडना कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या सेनेटर मॅकार्थी यांच्या समितीपुढे जबाब द्यायला उभं राहावं लागलं. संगीतकाराला संशयावरून गप्प बसवणं हा अन्याय होता, आणि तो देशाच्या सर्वांत मोठ्या उत्सवात झाला.

एका हॉलने दोघांना असं बाहेर ठेवलं: एका गळ्याला आणि एका लेखणीला.

गळा आधी परतला. जानेवारी १९५७ मध्ये आयझेनहॉवर यांच्या दुसऱ्या शपथविधीला राष्ट्रगीत गायला अँडरसनच उभ्या राहिल्या. त्याच वर्षी त्या भारतातही आल्या आणि दिल्लीत गांधीजींच्या स्मारकापाशी गायल्या.

आता १९ जानेवारी १९६१ च्या संध्याकाळी या. हिमवर्षाव थांबत नाहीये. गाड्या रस्त्यातच टाकून माणसं चालत निघाली आहेत. फ्रँक सिनात्रा यांनी केनेडींच्या शपथविधीनिमित्त मोठा जलसा भरवलाय, आणि बर्फामुळे तो उशिरा सुरू होतो. महालिया जॅक्सन राष्ट्रगीत गातात, एला फिट्झजेराल्डही आल्या आहेत. आलेल्यांत कृष्णवर्णीय गायक सॅमी डेव्हिस ज्युनिअरला शोधाल तर तो सापडणार नाही. निवडणूक प्रचारात तो सिनात्रांसोबत राबला होता. मग नोव्हेंबरमध्ये त्याने एका गोऱ्या अभिनेत्रीशी लग्न केलं, आणि सोहळ्याला येऊ नकोस असा निरोप त्याच्यापर्यंत गेला. नव्या युगाची भाषा बोलणाऱ्या माणसांनी हे केलं, म्हणून ते जास्त लागतं.

रात्रीतून सैनिकांनी मिरवणुकीचा रस्ता मोकळा केलाय. बर्फ वितळवायला ज्वाला फेकणारी यंत्रंसुद्धा वापरली. सकाळी लख्ख ऊन आहे आणि पारा शून्याच्या खाली. उन्हाच्या तिरपीने वृद्ध कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांना हातातला कागद दिसेना, म्हणून ते पाठ असलेली कविता म्हणतात. आणि मरियन अँडरसन पुन्हा राष्ट्रगीत गातात. साठी ओलांडलेला आवाज आता थोडा जड झालाय. तुमच्या शेजारचे लोक टोप्या काढून उभे आहेत. या बाईला याच शहरात बावीस वर्षांपूर्वी सभागृह मिळालं नव्हतं, हे त्यांतल्या कितीजणांच्या मनात आलं असेल?

१९ जानेवारी १९७३. निक्सन यांच्या दुसऱ्या शपथविधीची पूर्वसंध्या, आणि व्हिएतनाममधलं युद्ध अजून चालूच आहे. केनेडी सेंटरमध्ये युजीन ऑर्मंडी यांचा फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा चायकोव्स्कीचं '१८१२ ओव्हर्चर' वाजवणार आहे, म्हणजे तोफांचं संगीत. तिथे व्हिन्सेंट पर्सिकेटी यांची 'अ लिंकन अ‍ॅड्रेस' ही नवी रचनाही वाजायची होती. तिच्यातले शब्द लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणातले. त्यात युद्धाला महान अरिष्ट म्हटलंय, ते नको झालं आणि रचना वगळली गेली. वीस वर्षांत दुसऱ्यांदा लिंकनच्या शब्दांना शपथविधीच्या मैफलीतून बाहेर काढलं.

तुम्ही केनेडी सेंटरला जाऊ नका. शहराच्या टेकाडावर नॅशनल कॅथीड्रल आहे, तिथे पावसात उभे राहा. आत लिओनर्ड बर्नस्टाइन हायडनचा 'मास इन टाइम ऑफ वॉर' सादर करताहेत. जागा केव्हाच भरली, हजारो लोक बाहेर छत्र्या घेऊन ध्वनिक्षेपकांवर ऐकताहेत. शांतीची प्रार्थना सुरू होते आणि तिच्याखालून टिंपनीचे ठोके येतात, दूरवर सैन्य चालत असल्यासारखे. शेजारी कुणी बोलत नाही. त्या संध्याकाळी खरं राष्ट्रीय संगीत इथेच वाजलं, असं माझं मत आहे.

लेखणी कशी परतली, ते बघायला १९८५ मध्ये थोडं थांबा. थंडी इतकी की मिरवणूक रद्द झाली आणि रेगन यांचा शपथविधी कॅपिटॉल या संसदभवनाच्या घुमटाखाली हलवला गेला. तिथे जेसी नॉर्मन 'सिंपल गिफ्ट्स' गातात. शेकर पंथाचं हे १८४८ सालचं साधं गीत जगाला माहीत झालं ते कोपलंडने 'अ‍ॅपलाचियन स्प्रिंग' या बॅलेत घेतलं म्हणून.

शेवटचा मुक्काम २० जानेवारी २००९. कॅपिटॉलच्या पायऱ्यांपासून लिंकन स्मारकाच्या दिशेने नजर टाका, माणसंच माणसं. अरीथा फ्रँकलिन येतात, डोक्यावर मोठ्या फितीची करडी टोपी. गाणं 'अमेरिका'च, अँडरसन यांनी समोरच्या टोकाला गायलेलं. थंडीने आवाज आवळलाय आणि तरी तो चढतो. नंतर चार वादक बसतात: इत्झाक पर्लमन, यो-यो मा, गॅब्रिएला मोंटेरो आणि क्लॅरिनेटवर अँथनी मॅकगिल. जॉन विल्यम्स यांनी या दिवसासाठी बांधलेल्या रचनेत 'सिंपल गिफ्ट्स'ची चाल उमलते. बराक ओबामांना कोपलंड आवडतो, म्हणून ती निवडलेली. कानावर येतंय ते दोन दिवस आधीचं ध्वनिमुद्रण, कारण या गारठ्यात तारा सुरात राहत नाहीत. १८७३ चे ते वादक पाहून आलेल्या तुम्ही तरी त्यांना दोष देऊ नका. घड्याळात बारा वाजतात. राज्यघटनेप्रमाणे नव्या राष्ट्राध्यक्षांची कारकीर्द याच क्षणी सुरू होते. शपथ अजून व्हायची आहे, आणि क्लॅरिनेट वाजतेय.

घरी परतलात की १९३९ ची चित्रफीत शोधा, ती सहज मिळते. अँडरसन यांनी त्या गाण्यातला एक शब्द बदलला होता. मूळ ओळीत 'मी' आहे, तिथे त्या 'आम्ही' म्हणतात. कान देऊन ऐका.